पंगतीतला शेवटचा पाट

नेमू, पंगतीतून मधेच उठायचं नाही हा नियम तुझा. माझा नाही. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी पाय मोकळे करायलासुद्धा उठायचं नाही, हे तू पोरांना इतक्यांदा बजावलंस की वसंता एकदा पायाला मुंग्या आल्यावर तिथंच आडवा झाला, पण उठला नाही. आणि तू मात्र अकोल्याच्या दवाखान्यातून कोणाला न विचारता उठून गेलास. पस्तिशी गाठायलाही थांबला नाहीस. मला तुझा भयंकर राग आलाय. तो कोणावर काढावा कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतोय.

काल महिन्यातला शेवटचा रविवार होता. तुझ्या धाकट्या भावाला, महावीरला, दुकानावरची आपली खोली हवी आहे. त्याचं काही चूक नाही. लग्नसराई तोंडावर आली आणि लुगड्यांचे गठ्ठे ठेवायला जागा नाही. चार दिवसांपूर्वी तो माझ्या घरी आला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवत म्हणाला, "सर, नेमूभाऊ होता तवाची गोष्ट अलग होती. आता तुमीच सांगा. वर्ग चालवत असान तर किल्ली राहू द्या, नाही तर देऊन टाका." रविवार झाला की सांगतो, असं मी म्हणालो. माझं तर ठरलेलंच होतं. वर जायचं, वर्ग संपला म्हणून पोरांना सांगायचं, किल्ली महावीरच्या हातात ठेवायची आणि घरी यायचं. तुझ्याशिवाय तो खेळ मला चालवायचा नव्हता.

खेळ म्हटलं की तू चिडायचास. पण अर्ध्या कारंज्याला तो खेळच वाटत होता ना! तू मुंबईला कॉम्प्युटरवर नोकरीला होतास, वडील गेले, आणि गादीवर बसायला परत आलास. कापड फाडता फाडता तुझा जीव गुदमरायला लागला. आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. मी शाळेत गणित शिकवून, तेच ते प्रश्न तपासून कडू झालेला मास्तर. तू दारातूनच म्हणालास, "नाम्या, आपन पोरायले प्रोग्राम लिहिनं शिकवू." मी विचारलं, "आणि कॉम्प्युटर?" "तो नागपूरले हाये ना," तू म्हणालास, जणू नागपूर आपल्या आळीत होतं.

गावात लगेच झालं, नेमूशेठ बिनाबैलाचा वखर हाकणं शिकवून राह्यला. तुझ्याच दुकानात कापड घेता घेता लोक तुला हे ऐकवायचे आणि तू हसत मीटरपट्टीला कापड लावायचास. तेव्हा दोन बोटं जास्तच फाडायचास, हे मी पाहिलंय.

तरी ते लोक अगदी खोटं बोलत नव्हते. तुझा मुंबईचा एक दोस्त नागपूरच्या एका ऑफिसात यंत्रावर होता. महिन्यातून एकदा आपल्या पोरांचे प्रोग्राम चालवून द्यायला तो कबूल झाला होता. आपण चौकटीच्या कागदांवर लिहिलेलं पुडकं एसटीने पाठवायचं, तिकडे त्याची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, ती यंत्रात जायची, आणि छापलेला कागद पंधरा-वीस दिवसांनी परत यायचा. कुठं एक स्वल्पविराम राहिला की पोराचा महिना गेला. म्हणून तू पंगत काढलीस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी जमायचं आणि कागद नागपूरला जाण्याआधी आपणच यंत्र व्हायचं.

काय थाट होता तो! खोलीत पाटांची रांग. प्रत्येकाच्या पुढ्यात लुगड्याच्या खोक्याचं रिकामं झाकण, त्यावर खडूने एक नाव, आणि झाकणात चिठ्ठी एकच. नवीन आकडा आला की जुनी चिठ्ठी फाडायची. बेरीजवाल्याने फक्त बेरीज करायची, भागाकारवाल्याने फक्त भागाकार. एकाने प्रोग्रामची ओळ वाचायची आणि ज्याचं काम त्याने ते करून पुढे द्यायचं. शेवटच्या पाटावर तू, छापणारा. हातात आलेलं कागदावर उतरवायचं, बस्. आणि ज्याचा प्रोग्राम असेल त्याने समोर बसायचं, तोंडात सुपारीचं खांड धरून, म्हणजे "मला असं नव्हतं म्हणायचं" असं मधेच ओरडता येणार नाही. पहिल्या दिवशी वसंताने ती सुपारी चावून खाऊन टाकली. तो पोहरादेवीकडचा, त्याला गप्प बसवायला पोतंभर सुपारी लागली असती.

"आपन आता मानूस नाही," तू सुरुवातीला दरवेळी सांगायचास. "आपन यंत्र. यंत्राले काहीच समजत नाही. लिहेल हाये तेवढंच कराचं."

मी पाटावर कधी बसलो नाही. मागे हात बांधून रांगेच्या मागून फिरायचो आणि कुठं चुकलं की ओरडायचो, "चूक!" तू म्हणायचास, "बैस ना बे तूही." मी म्हणायचो, पंगतीत बसलं की वाढपी राहत नाही. तुला ते पटत नव्हतं. पण तू आग्रह केला नाहीस, ही तुझी सवय मला फार आवडायची, आणि हे मी तुला एकदाही म्हटलं नाही.

दुपारचं जेवण तुझ्या आईकडून, काकूंकडून, खालून यायचं. तुमच्या जैन घरात कांदा चालत नाही आणि मला भाकरीबरोबर कांदा नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. मी खिशातून आणलेला कांदा घेऊन मागच्या जिन्यावर बसायचो. पंगत काढणारा तू, पण सगळ्यांना सोडून माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसायचास, कांद्याचा वास सहन करत. मला एकट्याला जेवायला लागू नये म्हणून. एवढ्याचेही आभार मानायचे राहिले बघ.

आता कमलची गोष्ट. ती तुझ्या नावावर आहे, म्हणून तुलाच सांगतो.

कमल धनजची. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून घरी बसलेली. बापाने वर्गाला पाठवलं ते काकूंच्या शब्दावर, आणि बजावून पाठवलं, यंदा काही झालं तर ठीक, नाही तर पुढच्या साली मांडव. तिने लिहिलेला प्रोग्राम पावसाचा होता. मागच्या एका सालचा जून ते मे असा एकेक महिना घ्यायचा, महिन्याचा एकूण पाऊस आणि पाऊस पडलेले दिवस मांडायचे, आणि भागून काढायचं की पडला त्या दिवशी सरासरी किती पडला. साधाच, पण इतका स्वच्छ लिहिलेला की मलासुद्धा "चूक" म्हणायला जागा सापडेना. नेमकं त्याच वेळी तुझ्या दोस्ताने नागपूरहून निरोप धाडला. ऑफिसला एक माणूस घ्यायचा आहे, तुमच्या वर्गातला एक प्रोग्राम पाठवा, पहिल्या फटक्यात चालला तर मुलाखतीला बोलावतो. आपण दोघांनी एका आवाजात कमलचं नाव घेतलं. आपलं एकमत झाल्याचा तो बहुधा एकुलता एक प्रसंग.

त्या रविवारी रामनवमी जवळ आलेली. निम्म्या गाड्या पोहरादेवीच्या जत्रेला लावलेल्या, आणि धनजकडे जाणारी एकच एसटी उरलेली. पंगत रेंगाळली. कमलचा प्रोग्राम शेवटी आला. तू मला म्हणालास, "नाम्या, तू स्टँडवर जा, गाडी थांबव." मी गेलो. त्या कंडक्टरशी मी इतकं भांडलो की त्याने मला येड लागलंय का म्हणून विचारलं. कमल धावत आली, गाडीत चढली, खिडकीतून हसली. प्रोग्राम नीट निघाला होता. दुसऱ्या दिवशी पुडकं नागपूरला गेलं.

कागद परत आला तेव्हा मी दुकानातच होतो. जून, जुलै, ऑगस्ट, सगळे आकडे व्यवस्थित. मार्चमध्येही थोडी गारपीट झाली होती, तिचाही आकडा बरोबर. एप्रिल आला आणि यंत्र थांबलं. खाली चूक झाल्याची एक ओळ छापलेली, पुढे कोरं. एप्रिलमध्ये पावसाचा एकही दिवस नव्हता. शून्याला शून्याने भागायला सांगितलं होतं कमलने, आणि यंत्राने हात टेकले.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू मीटरपट्टी खाली ठेवलीस. म्हणालास, "वसंता थांबला होता तिथं. मले म्हने, पाऊस शून्य, दिवस शून्य, भाग कायले देऊ? मी म्हनलं, अरे, एप्रिलात पाऊस पडते का आपल्याकडं? लिही शून्य अन् दे इकडं."

"तू म्हणालास?"

"मीच. सगळे हसले अन् पुढं गेले. गाडी सुटून राह्यली होती ना."

गिऱ्हाइकांसमोर मी तुला काय काय बोललो! पोरांना यंत्र व्हायला शिकवणारा माणूस स्वतः शेवटच्या पाटावर बसून समजूतदारपणा करतो! एप्रिलमध्ये पाऊस पडत नाही हे आपल्या मुलखात शेंबड्या पोराला ठाऊक आहे, म्हणूनच तर ती ओळ कोणालाच खटकली नाही. एखाद्या ओल्या मुलखातल्या माणसांनी तिथंच बोट ठेवलं असतं. एक बाई हातातलं लुगडं तसंच सोडून निघून गेली, इतका माझा आवाज चढला. तू सगळं ऐकून घेतलंस, आणि म्हणालास, "सगळ्यायले समजलं ना बे. वसंताले समजलं, मले समजलं. लिहेलच नव्हतं."

त्या दिवशी दुपारीच तू दुकान महावीरवर टाकून धनजला गेलास. मी बरोबर होतो, म्हणून मला माहीत आहे. कमलचा बाप ओसरीवर बसला होता. तू चप्पल काढलीस, उभ्यानेच सांगितलंस, "चूक पोरीची नाही, माही हाये. मी गडबडीत मदत केली, अन् मदतीनंच तिचं नुकसान झालं. दसऱ्यालोक सवड द्या." बाप ओसरीवरून उठून उभा राहिला. कारंज्याचा शेठ माणूस दारात उभा राहून चूक कबूल करतो, हे त्याने पाहिलं नसावं. म्हणाला, "बसा तर आधी." दसऱ्यापर्यंतची सवड मिळाली. कमल आतून पाणी घेऊन आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने तुला एकच विचारलं, "नेमूभाऊ, शून्य आलं तर काय कराचं, हे मीच लिहाले पायजे होतं ना?" "हो," तू म्हणालास, "पन आमी विचाराले पायजे होतं."

परतताना गाडीत आपला वाद सुरू झाला, तो अजून संपलेला नाही. मी म्हणालो, आता कडक नियम. पाटावरच्याने एक अक्षर जरी मनचं घातलं तर त्याला पंगतीबाहेर काढायचं. तू म्हणालास, नाही. ज्याला लिहिल्यापेक्षा जास्त समजलं त्याने तिथंच हात वर करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "मले समजलं, पन लिहेल नाही." मग सगळं थांबवायचं, लिहिणाऱ्याने सुपारी काढायची आणि बोलायचं.

"ही कसली साखरपेरणी?" मी म्हणालो. "चूक आहे तर चूक म्हणावं. गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं कशाला बोलायचं?"

"तुह्या 'चूक'नं पोरं आखडतात," तू म्हणालास. "माह्यानं बोलतात. आधी त्याले कळू दे का त्याचं आपल्याले समजलं. मंग काय राहून गेलं ते तो खुशीनं लिहिते."

"यंत्र असं बोलत नाही."

"यंत्र नागपूरले हाये बे. इथं मानसं हायेत."

या वाक्यावर मी तुला उत्तर शोधत होतो. कारंज्यापर्यंत शोधलं, नंतर वर्षभर शोधलं. सापडलं की तुला सांगणार होतो.

पंगतीत मात्र तुझाच नियम चालू झाला. पहिल्याच रविवारी पोरांचे इतके हात वर झाले की एक प्रोग्राम संपायला दुपार झाली. मी मागे फिरत होतो आणि "चूक" म्हणायची संधीच मिळत नव्हती. कमलने आपल्या प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या: दिवस शून्य असतील तर भागायचं नाही, शून्य लिहून पुढे जायचं. पुढच्या खेपेला तो नागपूरला मेपर्यंत सुरळीत चालला. पहिली जागा गेली होती, पण दसऱ्याआधी दुसरी निघाली आणि तिला बोलावणं आलं. दिवाळीपासून ती तिकडे आहे. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे तू दुकानात गिऱ्हाइकांना वाटलेस. बिनाबैलाच्या वखरावरून हसणाऱ्यांना दोन-दोन दिलेस.

मग तुझे ते शेवटचे रविवार. तू पाट सरकवून घेतलास आणि गठ्ठ्यांना टेकून बसायला लागलास. म्हणालास, पाठ धरली आहे. काकूंना म्हणालास, पित्त आहे. महावीरला म्हणालास, उसाचा रस घेऊन राह्यलो, उतरून जाईल. मी तुझ्या डोळ्यांकडे पाहत होतो. ते पिवळे होते, नेमू. मी दवाखान्याचं काढलं की तू लग्नसराईचं काढायचास. त्या शेवटच्या रविवारी सगळे जेवायला बसले होते आणि आपण दोघे जिन्यावर होतो. तू भाकर नुसती कुस्करत होतास. मी कांदा खाली ठेवला, तुझ्यासमोर हात वर केला आणि तुझ्याच बोलीत म्हणालो, "मले समजलं, पन लिहेल नाही."

तू माझ्याकडे बघून हसलास. कधी नाही ते माझ्या कांद्याची एक पाकळी उचललीस, वास घेतलास आणि परत ठेवलीस. म्हणालास, "मंग वाचू नको ना बे."

पुढच्याच आठवड्यात मी आणि महावीरने तुला अकोल्याला नेलं. तिथं आपण पुष्कळ बोललो, वसंताच्या आळशीपणावर, चौकटीचे कागद महागल्यावर. ज्यावर बोलायचं होतं त्यावर तू बोलू दिलं नाहीस. मला तुला सांगायचं होतं की तू दारात येऊन उभा राहिलास त्या संध्याकाळपर्यंत मी निवृत्तीची वर्षं मोजणारा माणूस होतो, आणि महिन्याचा शेवटचा रविवार आला की मी पहाटेच उठून बसायला लागलो. तुला हे समजलेलं होतं, याची मला खात्री आहे. पण मी ते बोललो नव्हतो.

तर कालची गोष्ट.

किल्ली खिशात घेऊन मी वर गेलो. वाटलं होतं दोघं-तिघं असतील. सगळे होते. पाट मांडलेले, झाकणांवर नवा खडू. खालून काकूंनी जेवण पाठवलेलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मागच्या जिन्यावर एका वाटीत चिरलेला कांदा झाकून ठेवला होता. तुमच्या घरातून, नेमू. काकूंनी तो कोणाकडून आणवला आणि कुठं चिरवला, देव जाणे. मी वाटीवर झाकण परत ठेवलं आणि आत गेलो.

कमलही आली होती, नागपूरहून पहिल्या गाडीने. रांगेत शेवटून दुसरी बसली होती. शेवटचा पाट मांडलेला होता आणि रिकामा होता.

वर्ग बंद झाला हे सांगायला मी घसा साफ केला, तेवढ्यात वसंताने पहिली ओळ वाचायला सुरुवात केली. प्रोग्राम किन्हीराजाहून नवीन आलेल्या पोराचा होता, माझ्याच गावचा. तो सुपारी धरून समोर बसला होता आणि घामाने भिजला होता. आकडे एका झाकणातून दुसऱ्यात गेले, बेरीज झाली, भागाकार झाला, आणि चिठ्ठी कमलच्या हातात आली. पुढे कोणी नव्हतं. तिने चिठ्ठी धरून ठेवली. वसंता पुढची ओळ वाचेना. पण कोणी उठलं नाही.

मग कमलने हात वर केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, मले समजलं, पन लिहेल नाही."

मी चपला काढल्या. गुडघे कुरकुरले, ते ऐकून वसंता हसला आणि लगेच गप्प झाला. मी तुझ्या पाटावर बसलो. कमलने चिठ्ठी दिली. ती मी वाचली आणि माझ्या लक्षात आलं की पोराचं एक वजाबाकीचं चिन्ह राहून गेलं आहे. तोंडात माझा तो जुना शब्द आला होता, नेमू, अगदी ओठापर्यंत. पोराने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदे आधीच आखडले.

मी हात वर केला. "मले समजलं," मी म्हणालो, "पन लिहेल नाही."

पोराने सुपारी काढून हातात घेतली आणि तो बोलायला लागला, असा बोलला की वसंताला त्याला थांबवावं लागलं. तू जिंकलास. मला उत्तर सापडलं नाही, आणि आता मी शोधणंही सोडलं.

सगळ्यांचं होईपर्यंत ऊन भिंतीवरून उतरलं. काकूंनी खालून दोनदा हाक मारली, सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून. आज सकाळी महावीर किल्ली मागायला आला. मी त्याला म्हटलं, गठ्ठे माझ्या घरी आणून ठेव, पुढची खोली मी रिकामी करतो. तू उठून गेलास रे, पण पंगत उठलेली नाही.